आमची वाटचाल : सरसाच्या भांड्यापासून

आमचं व्हायोलिन-चेलो दुरुस्तीचं दुकान धोबीतलावच्या मागच्या गल्लीत. बाबा गिरगावातले फर्निचरचे सुतार, व्हायोलिन-चेलोकडे वळले ते एका गोवेकर अंकलमुळे. अंकल फिल्म रेकॉर्डिंगला चेलो, म्हणजे बसून वाजवायचं मोठं व्हायोलिन, वाजवायचे, ऐन पावसात चेलोचा जोड बाजूने सुटला आणि दुसऱ्या दिवशी तारदेवला फिल्म सेंटरमध्ये सिटिंग, म्हणजे रेकॉर्डिंग, तर ते सरळ बाबांकडे आले कारण बाबांच्या शेगडीवर सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सुतारांचा चिकट पदार्थ, कायम गरम असायचा. पुढे व्हायोला, डबल बास अशी त्याच जातीची वाद्यं, सगळं त्यांच्याच ओळखीने आलं. साउंडपोस्ट, म्हणजे व्हायोलिनच्या पोटात वरच्या आणि खालच्या फळीमध्ये उभी राहणारी लाकडी काडी, ती बसवायचा सेटरसुद्धा अंकलनीच दिलेला, एस आकाराची साधी लोखंडी पट्टी, एफ होलमधून, म्हणजे वरच्या फळीवरच्या f आकाराच्या भोकातून, आत घालायची आणि हाताला जाणवेल तसा पोस्ट सरकवायचा. अजून तोच वापरतो.

मग कीबोर्ड आला. अख्ख्या व्हायोलिन सेक्शनचं काम एक माणूस करायला लागला, वाजवणारेच घरी बसले तर व्हायोलिनच्या बोला, म्हणजे गजाला, घोड्याचे केस कोण भरून घेणार? भाडं थकलं, आईच्या पाटल्या गेल्या. त्यातच आमच्याकडे काम शिकलेल्या एकाने पुढच्या रस्त्यावर दुकान टाकलं आणि सरस सोडून डब्यातला पांढरा ग्लू वापरायला लागला. झटपट काम, कमी पैसे. वर लोकांना सांगायचा, यांचं काम टिकत नाही, दर पावसाळ्यात उघडतं. हे अजून डोक्यातून जात नाही. अहो, वरची फळी स्प्रूस नावाच्या लाकडाची, पातळ, हवा बदलली की लाकूड फुगतं, आक्रसतं, तेव्हा जोड सुटला पाहिजे, फळी तडकता कामा नये, म्हणून तर तिथे सरस पातळ लावतात! त्याने चिकटवलेले व्हायोलिन नंतर फळी तडकून आमच्याकडेच आले.

अंकल मात्र आमचेच राहिले. सिटिंग नसतानाही बो घेऊन यायचे, बाबा पैसे नको म्हणाले की "मेस्त (म्हणजे मिस्त्री), घे" म्हणून खिशात कोंबायचे. त्या पैशांवर घोड्याचे केस आणि त्यांना चोळायची राळ, रोझीन, आणलंय आम्ही.

2006 ला नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, पुढे शिकणारी मुलंही वाढली, आता बरं चाललंय.

मुलांच्या आईवडिलांना सांगतो, वाजवून झालं की बो सैल करा, व्हायोलिन गाडीत ठेवू नका, सगळ्या तारा एकदम काढू नका, साउंडपोस्ट पडतो. आणि दुरुस्तीला कुठेही द्या पण जोडाला काय लावणार ते आधी विचारा, सरस गरम पाण्याने सुटतो, तो पांढरा ग्लू निघताना लाकडाचे तंतू घेऊन निघतो.