पुट ऑफ म्हणजे रद्द नव्हे

परळच्या एका ऑफिसात रिसेप्शनला लागून मला तीन महिने झाले होते. मी मराठी माध्यमातली. एका ग्राहकाचा मेसेज आला, 'मंगळवारची मीटिंग पुट ऑफ.' ऑफ म्हणजे बंद, लाइट ऑफ करतो तसं, एवढंच मला माहीत. मी साहेबांना सांगितलं, मीटिंग रद्द झाली. त्यांना वाटलं, या लोकांना मालच नको. त्यांनी दुसऱ्या पार्टीशी बोलणी सुरू केली. बुधवारी ग्राहकाचा फोन आला, "उद्या अकराला येऊ ना?" माझ्या हातापायातलं बळच गेलं.

अकाउंट्समधल्या मॅडमनी जेवणाच्या सुट्टीत जवळ बसवलं. "अगं, आपण पोस्टपोन म्हणतो ना, तेच पुट ऑफ. रद्द असतं तर कॉल ऑफ लिहिलं असतं." मग म्हणाल्या, "2020 ला लालबागच्या राजाची मूर्ती बसली नाही, तो उत्सव कॉल ऑफ. आणि तुझ्या भावाची एमपीएससी?" 14 मार्च 2021 ची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली आणि 21 तारखेला घेतली. ढकलल्याचं कळलं त्या रात्री भाऊ पुस्तकं मिटून भिंतीकडे तोंड करून पडला होता. पुट ऑफ मी तिथेच शिकले. परीक्षा बुडाली नव्हती, लांबली होती.

तरी ऑफ खुपतच होतं. पुट म्हणजे ठेवणं, मग ढकलणं आलं कुठून? कळलं ते मराठीतूनच. 'काम करून टाक' म्हणतो तेव्हा कुणी काही फेकत नाही. तिथे 'टाक'चा अर्थ शेजारच्या शब्दाबरोबर ठरतो. आणि ऑफमध्ये 'दूर' हाही अर्थ आहे. ठरल्या दिवसापासून दूर नेऊन ठेवलं, की झालं पुट ऑफ. शब्द सुटे सुटे पाठ करणं मी त्या दिवसापासून सोडलं.

वापरताना मात्र दोन ठिकाणी अडले. 'ते' म्हणायचं तर इट दोन्ही शब्दांच्या मधे येतं: पुट इट ऑफ. पुट ऑफ इट चालत नाही. आणि पुढे क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लागतं: पुट ऑफ गोइंग. हे मी लोकलमध्ये पुटपुटत घोटलं, दादर ते परळ, रोज. एखाद्या वासाने किंवा वागण्याने मन उडतं, त्यालाही पुट ऑफच म्हणतात, पण तो अर्थ माझ्या कामात क्वचितच येतो.

पुढे आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पावसाळा सरू दे, गणपती होऊ दे, असं करत तिने वर्ष काढलं होतं. रजेचा अर्ज मी कुणाला न विचारता इंग्रजीत लिहिला: शी केप्ट पुटिंग इट ऑफ. साहेबांनी वाचून लगेच सही केली आणि म्हणाले, "आता आणखी लांबवू नका."