पुणे ते पणजी, निधीसाठी सायकलने: रस्ता आणि त्याआधीचे १२ आठवडे

पुण्याहून सातारा, कोल्हापूर, आजरा, आंबोली असं करत पणजी गाठायला साधारण ४५० किलोमीटर पडतात. गावाकडच्या शाळकरी मुलींना सायकली घेऊन देण्यासाठी निधी जमवत आमच्या गटाने हा रस्ता डिसेंबरात चार टप्प्यांत केला. पुढे जाणाऱ्यांना मुख्य सांगणं एकच: अशी राइड पहिल्या दिवशी सहसा कुणाला अडवत नाही. अडवते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, दुखऱ्या अंगाने पुन्हा सीटवर बसताना. सराव त्या सकाळचा हवा.

सलग ४० किलोमीटर आरामात होत असतील तर १२ आठवडे पुरतात. मधल्या वारी दोन-तीनदा तासभर, शनिवारी लांब आणि रविवारी शनिवारच्या निदान दोन तृतीयांश. शनिवारचे ५० किलोमीटर दर आठवड्याला आठ-दहाने वाढवा, मात्र प्रत्येक चौथ्या आठवड्यात अंतर एक तृतीयांशाने खाली आणा. दहाव्या आठवड्यात शनिवारी ११० आणि रविवारी ९० झाले की तयारी झाली. त्यानंतर दोन आठवडे अंतर निम्म्यावर. एकदाच २०० किलोमीटर मारून आठवडाभर पाय वर करून पडण्यापेक्षा ही जोडी कितीतरी जास्त कामाची, कारण थकलेल्या पायांनी खायचं किती आणि जोर किती लावायचा हे तिच्यातच कळतं.

चढासाठी जुना कात्रज घाट आणि बोपदेव पुरेसे. सिंहगड करू नये असं नाही, पण इतका तीव्र चढ या मार्गावर कुठे नाही आणि नवख्यांचे गुडघे तिथेच बोलायला लागतात. पॅडल मिनिटाला ८० च्या आसपास फिरायला हवं. ते ६० वर आलं की गिअर हलका करा. मागच्या चकत्यांच्या संचात, म्हणजे कॅसेटमध्ये, सगळ्यात मोठी चकती ३२ दात्यांची असेल तर खंबाटकी घाट बसूनच चढता येतो.

गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर वर. बदल एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत सीट, बूट, चड्डी काहीच नवीन नको. पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरं काही घालू नका, शिवणीवरच कातडी सोलवटते. अशा दोन चड्ड्या हव्यात, कारण धुतलेली रात्रीत वाळतेच असं नाही.

महामार्गावर पंक्चर होतात ती खिळ्यांनी कमी, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारांनी जास्त. त्या पांढऱ्या पट्टीबाहेर साचतात. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. तार असेल तिथे कापूस अडकतो. तार काढली नाही तर नवी ट्यूबही थोड्याच वेळात पंक्चर होते. दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, पंप, चेन तोडायचं अवजार आणि आपल्याच गिअरसंख्येची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) प्रत्येकाकडे असावी. ट्यूबला प्रेस्टा, म्हणजे बारीक लांब व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर विसरू नका, त्याशिवाय रस्त्यावरच्या दुकानात हवा भरता येत नाही. २८ मिलिमीटरच्या टायरला सत्तरेक किलोच्या माणसासाठी हवेचा दाब ७५ ते ८० पीएसआय ठीक.

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक केळं आणि चिक्कीच्या एक-दोन वड्या. भूक लागायच्या आधी खा. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतण्याची चूक सर्रास होते. द्रावण दुप्पट घट्ट होतं आणि पोट बिघडतं.

आता रस्ता. पुण्यातून पहाटे निघताना बोगदा टाळून जुन्या कात्रज घाटाने शिंदेवाडीला उतरा. मागचा लाल दिवा चालू हवाच. शिरवळला नाश्ता, मग खंबाटकी. साताऱ्याकडे जाताना घाटानेच चढा, जुना बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांचा. सातारा ते कोल्हापूर सपाट वाटतो, पण रुंदीकरणाच्या कामांमुळे वळणं आणि उखडलेले सेवारस्ते आहेत. सपोर्ट गाडी गटामागे हळू चालवू नका, २० किलोमीटर पुढे नेऊन उभी करा. कोल्हापुरात तांबडा-पांढरा जरूर घ्या, पण रात्री लवकर आणि बेताने.

निपाणीहून आजऱ्याकडे वळलं की ट्रक कमी होतात आणि झाडी दाट होते. हा टप्पा सगळ्यात सुंदर. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. तिथून दाणोलीकडे उतरताना पहाटे धुकं आणि ओला रस्ता मिळतो, म्हणून ऊन पडल्यावरच निघा. ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापून ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबा, मग सोडा.

शेवटचा दिवस नुसता उताराचा, हा समज महागात पडतो. बांदा, पत्रादेवी, म्हापसा या पट्ट्यात छोटे चढ संपतच नाहीत आणि कोकणातली दमट हवा पाणी ओढून घेते. दर तासाला एक बाटली जास्त धरा. पर्वरी उतरल्यावर मांडवीवरचा अटल सेतू दुचाकींना बंद आहे, मांडवीच्या जुन्या पुलाने पणजीत शिरा.

निधीबद्दल आमचं ठाम मत आहे: राइडचा खर्च ज्याचा त्याने करावा आणि देणगी थेट संस्थेच्या खात्यात जावी. २००० रुपयांवरच्या रोख देणगीवर करसवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. पावतीसाठी पॅन क्रमांक त्याच वेळी घ्या, नंतर मागत फिरावं लागतं.

परतीला सायकल बसच्या डिकीत टाकायची तर चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर घ्या, पुढचं चाक काढा आणि गिअरची बाजू वर ठेवा. डिस्क ब्रेक असेल तर पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला, नाहीतर लिव्हर चुकून दाबला गेला की पॅड चिकटतात आणि घरी चाक आत बसत नाही.