तुम्ही विचारलंत म्हणून: भंगारात जाणाऱ्या पत्र्यावर चित्र कशाला?

"मॅडम, उद्या हा पत्रा भंगारात जाणार. त्याच्यावर चित्रकाराला पैसे देऊन चित्र कशाला काढून घेता?"

बांधकामाभोवतीचे पत्रे गावातल्याच चित्रकारांकडून रंगवून घ्यायचं काम मी करते. हा प्रश्न मुकादमापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे विचारतात. रस्त्यात उभ्या उभ्या उत्तर पुरं होत नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी तो "उद्या" बघू. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला सप्टेंबर २०२४ मध्ये. एवढा सगळा काळ सगळीकडे पत्रे नव्हते, ते सरकत होते, हे खरं. पण भूमिपूजनाच्या वेळी पहिलीत असलेलं मूल तोवर नववीत पोचलं. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, तेव्हापासून तिथून रोज जाणाऱ्यांना तर मी वेगळं काही सांगायला नको. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असणाऱ्या वस्तूला तात्पुरती कसं म्हणायचं?

पत्र्यावर काय काढायचं याबद्दलचं माझं मत बदललं ते पेठेतल्या एका अरुंद रस्त्यावर. मी नमुने घेऊन गेले होते: शनिवारवाडा, सिंहगड, ढोल-ताशा. दोरे-बटणं, अस्तर, लेस विकणारे एक काका दुकानातून बाहेर आले. दुकान आणि पत्रा यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी बोळ उरली होती. ते म्हणाले, "ताई, वाडा आम्हाला ठाऊक आहे. आमचं दुकान कुठे गेलं, ते काढा."

मी नमुने गुंडाळले. माझ्याबरोबरचे पेंटर फ्लेक्स येण्याआधी पाट्या रंगवायचे. त्यांनी खडूची दोरी ताणून पत्र्यावर रेघा मारल्या आणि त्या ओळीतल्या प्रत्येक दुकानाचं नाव मोठ्या वळणदार अक्षरांत लिहिलं. खाली बाण, बाणाशेजारी त्या-त्या दुकानातली वस्तू: रीळ, पितळी तांब्या, वह्यांचा गठ्ठा. चार दिवस लागले. काका रोज सकाळी चहा पाठवायचे आणि अक्षराची मात्रा जरा आखूड वाटली तरी सांगायचे. पत्रा त्यांच्या रस्त्यात उभा राहतो, त्यांचा उजेड, फुटपाथ आणि गिऱ्हाईक अडवतो. म्हणजे त्यावर काय असावं हे विचारायचं तर पहिलं त्यांनाच. तेव्हापासून मी नमुने न घेता जाते, आधी त्या रस्त्यावरून दोन-तीन वेळा चालते.

आता पत्र्याविषयी. नव्या जस्ताच्या पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारला की काही महिन्यांत पोपडे सुटतात. रंगातलं तेल आणि जस्त यांची क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर धरतो आणि रंगाची पकड जाते. म्हणून पत्रा आधी थिनरने पुसायचा, मग जस्तावर बसणारा प्रायमर, मग रंग. कंत्राटदार नेमका प्रायमरचाच खर्च कापायला बघतो. तिथे मी अडून बसते. पन्हाळी पत्र्याची मात्र एक गंमत आहे: डावीकडून येणाऱ्याला पन्हाळीचा एक उतार दिसतो, उजवीकडून येणाऱ्याला दुसरा. एका चित्रकार मुलीने त्याचा उपयोग करून जाताना पावसाळा आणि येताना उन्हाळा दिसेल असं झाड काढलं. रिक्षात बसलेली माणसं मान वळवून बघायची. म्हणूनच चौकाच्या वळणावर मी चित्र घेत नाही. तिथे रिफ्लेक्टरची पट्टी स्वच्छ असावी, बस.

पत्रे हलतात, ही चित्रकारांची मोठी डोकेदुखी. एकदा सलग वीस पत्र्यांवर नदीकाठ काढला होता. काम पुढे सरकलं, रात्रपाळीने पत्रे उचलून जसे हाताला आले तसे पुन्हा लावले. सकाळी घाटाच्या पायऱ्या आभाळात आणि पूल तीन ठिकाणी. चित्रकार काही न बोलता बराच वेळ बघत राहिला. आता प्रत्येक पत्रा स्वतंत्र चित्र असतो, किंवा कुठल्याही क्रमाने जुळेल अशी नक्षी असते. देवाचं चित्र मात्र नाही. कोणी थुंकू नये म्हणून ते काढा असं हमखास सुचवलं जातं. पण हलवताना पत्रा जमिनीवर आडवा पडतो, त्यावर बूट पडतात.

पैशाचं बोलायचं तर, "त्यांचं नाव होईल की" हे वाक्य मी ऐकून घेत नाही. क्रेनवाल्याला नाव होईल म्हणून कोणी फुकट बोलावतं का? चित्रकाराला वर्गफुटावर दर, आराखड्याचे वेगळे पैसे, सुरुवातीला आगाऊ रक्कम, आणि सगळं लेखी. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. आधार होता कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ चा. पैसे दिले, चित्र विकत घेतलं, तरी चित्रकाराचा त्यावरचा हक्क पुरता संपत नाही. म्हणून करारातच लिहायचं: पत्रे हलतील, काम संपल्यावर कुठे जातील, आणि ते चित्र जाहिरातीत छापायचं असेल तर चित्रकाराला वेगळे पैसे. भंगारात देण्याआधी त्याला फोन करायचा, हेही.

स्वारगेट ते कात्रज या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मार्गाला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. त्या भागात तुमचं दुकान किंवा घर असेल, तर पत्रे उभे राहायच्या आधी साइटच्या फलकावरचं कंत्राटदाराचं नाव बघून त्याला भेटा. यार्डात आडव्या पत्र्यावर रंग दिला तर रहदारीत शिडी लावावी लागत नाही आणि खर्चही कमी येतो. एकट्याने जाऊ नका, ओळीतली सगळी दुकानं मिळून जा. आणि आपल्या पाटीवरचं अक्षर कसं आहे, त्याचा एक नीट फोटो आजच काढून ठेवा. पत्रा लागल्यावर तो काढायला समोर जागा उरत नाही.