ईडेलच्या पाणथळ कुरणात: रश ओळखायचा कसा

इंग्लंडमध्ये मँचेस्टर पिकॅडिली स्टेशनहून ईडेल या गावाला ट्रेनने पाऊण तास लागतो. उतरलेले बहुतेक जण किंडर स्काउटची चढण धरतात. आम्ही दोघं मात्र जूनअखेरच्या शनिवारी अपर बूथच्या पायवाटेलगत, रश नावाच्या गवतासारख्या वनस्पतीत, गुडघाभर वाढलेल्या, उकिडवे बसलो होतो.

रश दिसायला आपल्या लव्हाळ्याचा भाऊबंद. पण लव्हाळ्याचा दांडा बोटांत फिरवला की तीन कडा लागतात, हा गोल. फुलोरा दांड्याच्या मध्येच, एका अंगाला फुटल्यासारखा वाटतो. खरं तर त्याच्या वरचं ते टोक दांडा नसतंच. फुलोऱ्याखालचं पान ताठ उभं राहिलेलं असतं.

रशचं शास्त्रीय नाव जंकस, आणि त्याच्या जाती बऱ्याच. ओळखायचा नियम सोपा वाटतो: फुलोरा मोकळा, विस्कटलेला असला तर जंकस इफ्यूजस; घट्ट तपकिरी गोळा असला तर जंकस काँग्लोमेरॅटस. पहिलाच गोळा दिसला आणि मी वहीत काँग्लोमेरॅटस लिहून मोकळा झालो. बायको म्हणाली, "नख फिरव की आधी." फिरवलं. दांडा गुळगुळीत, चकचकीत. इफ्यूजसमध्येही घट्ट फुलोऱ्याचा प्रकार असतो, तो हा! खरा काँग्लोमेरॅटस पुढे दगडी बांधापाशी भेटला: रंग मळकट हिरवा, फुलोऱ्याच्या लगेच खाली उभ्या धारा, नखाला कंगव्यासारख्या लागणाऱ्या. उभ्या पानाचं बूडही पसरट.

निळसर झाक असलेला जंकस इन्फ्लेक्सस चिकणमातीतला, इथल्या आम्ल जमिनीत त्याच्यामागे लागू नका. कुठे सापडलाच तर दांडा उभा चिरा. आतला गाभा शिडीसारखा तुटक असतो, इफ्यूजसचा सलग.

पानं चिमटीतून ओढताना गाठी लागल्या तर तो जंकस ॲक्युटिफ्लोरस किंवा जंकस आर्टिक्युलॅटस. तिथे १० पट भिंग हवंच: पहिल्याच्या फुलाच्या पाकळ्या लांब निमुळत्या टोकाच्या.

गमबूट घाला, पॅंट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड तपासा. फाटकं लावून घ्या. झुडूप उपटू नका, एक दांडा पुरतो. फोटो मात्र तीन काढा: फुलोरा, त्याखालचा दांडा, चिरलेला गाभा. नुसत्या फुलोऱ्याच्या फोटोवरून कुणाला नाव विचारू नका.

पूर्वी इथले लोक इफ्यूजसचा गाभा चरबीत भिजवून दिव्यासारखा जाळत. आम्ही घरी आणलेला दांडा सोलला, सालीची एक बारीक पट्टी आधाराला ठेवली आणि तुपात बुडवून निरांजनात लावला. छान जळला, कापसाच्या वातीपेक्षा जरा जास्त तडतडत.