एक जूनची माणसं

आमच्या घराण्यात २७ माणसांचा जन्म एक जूनला झालेला आहे. हे मला संगणकानं सांगितलं. वाढदिवसांचं कॅलेंडर छापून बघू म्हणून बटण दाबलं, तर मे महिना जवळजवळ रिकामा आणि जूनच्या पहिल्या चौकोनात एवढी गर्दी, की नावं चौकोनातून खाली सांडलेली. दोन काका, तीन आत्या, एक चुलत आजोबा, माझे वडील. एखाद्या परक्यानं हे पान पाहिलं तर त्याला वाटेल, यांच्याकडे दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस काहीतरी मोठा उत्सव असला पाहिजे.

पन्नाशीच्या पुढच्या मराठी माणसाला यात नवल नाही. पोराचं नाव शाळेत घालायला नेलं की मास्तर विचारणार, जन्म कधीचा? बाप सांगणार, सुगीतला. मग मास्तर पोराचा उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लागतो का बघणार. लागला, की सहा वर्षं मागं मोजून एक जून टाकणार. शाळा जूनला सुरू, हिशेबाला सोपं. त्या एका तारखेवर माणसं नोकरीला लागली आणि निवृत्तही झाली.

वंशावळीच्या भानगडीत मी हौसेनं पडलो नाही. २०२३ साली सरकारनं कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि गावोगाव जुन्या कागदांवरची धूळ उडाली. मोडी वाचणाऱ्या माणसाला अचानक जावयाचा मान आला. आमच्या पुतण्यालाही दाखल्यासाठी वंशावळ हवी होती, आणि घरात 'तू पुण्यात आहेस, तुला कॉम्प्युटर येतो' एवढ्या पात्रतेवर ते काम माझ्याकडे आलं. चुलतभावानं पाटण तालुक्यातल्या आमच्या गावाच्या नमुना नंबर १४ ची, म्हणजे कोतवाल बुकाची, नक्कल काढून आणली. मोडीतली एक ओळ. वाचून घेतली तर पणजोबांचं नाव, जात, १९११ सालची तारीख, आणि पुढं फक्त 'मुलगा'. पणजोबांना मुलगे तीन. त्यांतला हा कोणता, हे कोतवालानं लिहिलं नव्हतं. त्याचं तरी काय चुकलं? बारसं व्हायचं होतं.

पुतण्याचं काम महिनाभरात झालं, पण कागदावर झाडाच्या फांद्या मावेनात, म्हणून मी ग्रॅम्प्स नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. जगभरातली हौशी मंडळी ते २००१ पासून घडवत आली आहेत. इंग्रजीत लाडानं आजोबांना ग्रॅम्प्स म्हणतात. आपल्याकडे कुणी केलं असतं तर 'आबा' म्हटलं असतं. या आबांची शिस्त कडक. प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळतो. ज्यांच्यासमोर घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही ते माझे आजोबा आता 'आय००१४' आहेत.

खरी खडाजंगी झाली ती तारखेच्या रकान्यात. देवघरातल्या पोथीच्या पुठ्ठ्यावर आजोबांनी थोरल्या काकांच्या लग्नाची नोंद केली होती: फाल्गुन, शके १८८४. म्हटलं, शकाचं कॅलेंडर असेलच यात. यादी उघडली. ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू, इस्लामी, पर्शियन. शिवाय फ्रेंच राज्यक्रांतीवाल्यांचं, जे जेमतेम १२ वर्षं टिकलं. आणि स्वीडिश! स्वीडनला १७०० साली कॅलेंडर सुधारायची हुक्की आली, मग घोळ झाला, आणि तो निस्तरताना १७१२ च्या फेब्रुवारीला ३० दिवस द्यावे लागले. त्या एका देशाच्या १२ वर्षांच्या घोळाला इथं मानाची जागा, आणि भिंतीवरच्या प्रत्येक कालनिर्णयात असतो तो शालिवाहन शक मात्र नाही. शेवटी हातानं हिशेब केला. शकात ७८ मिळवले, १९६२ लिहिलं. फाल्गुन महिना इंग्रजी नवं वर्ष लागल्यावर येतो, तेव्हा ७९ मिळवायचे असतात, हे चार दिवसांनी लक्षात आलं. तोवर काका एक वर्ष आधीच बोहल्यावर चढले होते.

या आबांचा एक गुण मात्र मला फार आवडला. तारीख ठाऊक नसेल तर ते अडून बसत नाहीत. 'सुमारे' लिहा, 'आधी' लिहा, 'नंतर' लिहा, 'या आणि त्या सालाच्या दरम्यान' लिहा, सगळं चालतं. शाळेच्या मास्तरांनाही हे जमलं असतं, पण त्यांच्या वहीत तेवढी जागा नव्हती.

कारण आमच्या घरात साल कुणी सांगतच नाही, प्रसंग सांगतात. अमकी प्लेगात गेली. तमका बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होता. यातला दुष्काळ सोपा, त्याचं नावच साल आहे. प्लेग अवघड, कारण तो १८९६ साली मुंबईत आला आणि पुढं वर्षानुवर्षं परत परत येत राहिला. 'प्लेगात गेली' म्हणजे पंचवीसेक वर्षांत केव्हाही. सगळ्यांत चोख जन्म माझ्या एका चुलतभावाचा. तो कोयनेच्या भूकंपाच्या रात्री झाला. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून गेलेले. बाळंतिणीला दारातल्या गवताच्या गंजीपाशी आणून ठेवलं होतं. घरात त्याला अजून भूकंप्याच म्हणतात. एवढी पक्की, साऱ्या महाराष्ट्राला पाठ असलेली तारीख. आणि शाळेच्या दाखल्यावर? एक जून. ग्रॅम्प्समध्ये एका माणसाला दोन जन्म लिहिता येतात, एक मुख्य आणि एक पर्यायी. भूकंप्याला मी दोन्ही दिले. कुठला मुख्य, हे त्यालाच विचारलं, तर म्हणाला, "पेन्शन जूनवर हाय."

आजी मात्र कुठल्याच जूनची नव्हती, कारण ती शाळेत गेलीच नाही. तिच्या रेशनकार्डावरचं वय तलाठ्याच्या आणि निवडणूक ओळखपत्रावरचं वय आणखी कुणाच्या अंदाजाचं, आणि दोन्हींत नऊ वर्षांचं अंतर. ती स्वतः एकच सांगायची: "मानमोडीत मी पाळण्यात हुते." मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. त्याचा मोठा तडाखा पावसाळा सरता सरता बसला. तेव्हा पाळण्यात, म्हणजे १९१७ चा शेवट किंवा १९१८. लग्न 'शारदा कायदा यायच्या आत' झालेलं. मुलीच्या लग्नाला १४ वर्षं पुरी हवीत असा तो कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, आणि त्याच्या आधी गावोगाव घाईनं अक्षता पडल्या. म्हणजे नवरी बारा वर्षांची, फार तर. मी ऐटीत 'सुमारे १९१८' लिहिलं. सॉफ्टवेअरमध्ये माहिती तपासायची एक सोय आहे. तिनं लगेच खूण केली, की या बाईचं लग्न फारच लहान वयात लागलेलं दिसतंय. तपासा. तपासलं. बरोबर होतं.

त्याच बैठकीत 'एकच माणूस दोनदा नोंदला गेला असावा' अशी एक यादीही आली. ती मी फारशी मनावर घेतली नाही. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आमच्याकडे रीत, त्यामुळे दोनच नावं पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून येतात. आधी एकदा या यादीवर विश्वास ठेवून मी आजोबांना त्यांच्याच आजोबांत विलीन केलं होतं, आणि माझे वडील स्वतःच्या आजोबांचे भाऊ होऊन बसले होते. म्हणून या खेपेला पणजीचे आईवडील आणि आजीच्या वडिलांचे आईवडील हे एकच जोडपं असावं असं यंत्र म्हणालं, तेव्हा मी म्हटलं, त्या गावात या नावाची दहा माणसं असतील. पुढे चला.

आजीच्या आईचं नाव तेवढं राहिलं होतं. म्हणून थोरल्या आत्याला फोन लावला. तिचं वय तिच्या दाखल्याप्रमाणे ८८.

"नाव न्हाय ठावं," आत्या म्हणाली. "कुणाच्या तोंडात ऱ्हाइलंच न्हाय. मानमोडीत गेली ना ती."

"म्हणजे आजी पाळण्यात होती तेव्हाच?"

"मग आई काय सांगत हुती तुमास्नी इतकी वर्सं?"

मी गप्प. ते वाक्य मी जन्मदाखल्यासारखं वाचत होतो.

मग आत्यानं पुढचं सांगितलं. पाळण्यातल्या पोरीला बापाच्या बहिणीनं उचललं आणि आपल्या घरी आणलं. आपल्याच दुधावर वाढवलं, आणि बारा वर्षांनी आपल्याच पोराला ती केली. मामाची पोर, रीतीत बसणारी. ती बहीण म्हणजे माझी पणजी. म्हणजे आजीला लग्नानंतर सासरी जावंच लागलं नाही. ती होती त्याच घरात सून झाली.

"अगं पण हे आम्हाला कुणी कसं सांगितलं नाही?"

"आई सासूला काय म्हनायची?"

"आत्याबाई."

"मग?"

आमच्याकडे सगळ्याच सुना सासूला आत्याबाई म्हणतात. माझी आईही आजीला आत्याबाईच म्हणायची. खरी आत्या त्या शब्दाआड अशी झाकून गेली होती, की नातवंडांना कधी शंकाही आली नाही.

रात्री परत ती यादी काढली. पणजीचे आईवडील आणि आजीच्या वडिलांचे आईवडील. दोन्हींवर खूण केली. यंत्रानं विचारलं, यातली कुठली नोंद मुख्य ठेवायची? कुठलीही ठेवली तरी माणसं तीच, तरी मी बराच वेळ बसून राहिलो. मग पणजीकडची ठेवली. पोरीला घरी तिनं आणलं होतं. तक्ता नव्यानं काढला, तर माझे १६ खापरपणजोबा-पणज्या होते त्यांचे १४ झाले आणि दोन फांद्या वर जाऊन एका जागी मिळाल्या. आजीच्या आईच्या चौकोनात मृत्यू १९१८ आला. नावाच्या जागी यंत्र 'नाव नाही' असं कंसात दाखवतं, ते तसंच आहे. आजीच्या जन्माचं 'सुमारे' काढून मी 'आधी' केलं.

दुसऱ्या दिवशी आत्याचाच फोन. "माझी तारीक काय लिवलीयास?"

"एक जून."

"खोटं हाय त्ये. मी बेंदराच्या आदल्या दिशी झाले, खांदमळणीला. खरं लिव."

"कुठला बेंदूर? कर्नाटकी का आपला?"

"आपलाच की."

"आणि साल?"

आत्यानं थोडा विचार केला. "बानं खिल्लारी जोडी आणली हुती ना औंधच्या बाजारातनं, त्या वर्सी."

आता मी खिल्लारी जोडी शोधतोय. ग्रॅम्प्समध्ये बैलांना क्रमांक देता येतो का, ते अजून बघायचंय.