तुम्ही विचारलंत म्हणून: क्षमा मिळणारच असेल, तर आज्ञा कशासाठी पाळायची?

शाळेत शिकवत असताना शिक्षकांच्या खोलीत आणि आता निवृत्तीनंतर शेजारीपाजारी हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. "तुमच्यात चर्चमध्ये माफी मागितली की देव पाप माफ करतो ना? मग माणूस पुन्हा तेच करायला मोकळा!" विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा कुत्सितपणा नसतो. नाशिकमध्ये ज्यांचे लहानपण गंगेवर गेले (गोदावरीला आम्ही इथे गंगाच म्हणतो), त्यांना मन मळलेले असताना नुसत्या स्नानाने काय साधते, हा संतांनी विचारलेला प्रश्न ठाऊक असतो. तोच प्रश्न ते आमच्या क्षमेला विचारतात आणि तो रास्त आहे. मी त्याला बरीच वर्षे पाठ केलेले उत्तर देत असे. आता जे सांगते, ते मला एका वहीमुळे कळले.

आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून ती जाईपर्यंत चौदा महिने मी एकटीने तिचे केले. दादा पुण्याला होता. तो दोनदा येऊन गेला, खर्चाचे मात्र त्याने विचारले नाही आणि मीही तोंड उघडले नाही. मी एक दोनशे पानी वही घातली. औषधे, ऑक्सिजनच्या सिलिंडरचे भाडे, रात्रपाळीच्या बाईंचा पगार, दवाखान्याच्या रिक्षा, सगळे तारखेनिशी निळ्या शाईत लिहिले आणि प्रत्येक पानाच्या तळाशी लाल शाईने "दादाचा वाटा" म्हणून निम्मी रक्कम मांडली. आई गेल्यावर ती वही मी कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवली.

त्यानंतरची माझी वागणूक कोणी पाहिली असती, तर तिच्यात खोट काढता आली नसती. दर नाताळात मी दादाकडे करंज्या आणि केक पाठवत असे, त्याच्या मुलांचे वाढदिवस लक्षात ठेवत असे, सणाला या म्हणून आग्रहाने फोन करत असे. चर्चमध्ये कोणी विषय काढला, तर "मी त्याला केव्हाच क्षमा केली आहे" असे सांगत असे, आणि मला ते खरेही वाटत असे. फोनवर आग्रह करताना मात्र आतून एकच इच्छा असायची की त्याने नाही म्हणावे. तो नाही म्हणाला की माझ्या वहीत, न लिहिता, आणखी एक रक्कम चढायची.

मी नाशिकमधल्या शरणपूरच्या चर्चमध्ये जाते. प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, आधी आम्ही सगळे मिळून पापकबुली म्हणतो, त्यात विचाराने, शब्दाने आणि कृतीने केलेल्या पापांचा उल्लेख असतो. "विचाराने" हा शब्द सर्वांत आधी का येतो, याचा मी चाळीसेक वर्षांत कधी विचार केला नव्हता. ईस्टरआधीच्या एका उपवासकाळात पाळकसाहेबांनी बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचायला घेतला. प्रीती अपकार स्मरत नाही, असे तिथे आहे. ते म्हणाले की मूळ ग्रीकमधले क्रियापद जमाखर्चातले आहे. मोजणे, खात्यावर मांडणे, असा त्याचा अर्थ होतो. हेच क्रियापद पौलाने रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात बत्तिसावे स्तोत्र उद्धृत करताना वापरले आहे आणि तिथे ते देवाबद्दल आहे: ज्याच्या नावावर परमेश्वर पाप मांडत नाही, तो मनुष्य धन्य.

मी बाकावर बसल्या बसल्या माझी लाल शाई पाहत होते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले. क्षमा म्हणजे पुढच्या पापाचा परवाना, अशी शंका येते ती क्षमेला सरकारी माफीसारखे समजल्यामुळे, म्हणजे दंड रद्द झाला आणि माणूस होता तसाच घरी गेला. ख्रिस्ती श्रद्धेत क्षमा म्हणजे देवाने स्वतःची वही मिटणे आहे, आणि त्या मिटण्याची किंमत ख्रिस्ताने वधस्तंभावर स्वतः भरली आहे, असे आम्ही मानतो. ज्याच्यासाठी ही वही मिटली, त्याने घरी येऊन दुसऱ्याची वही उघडली, तर त्याला क्षमा कळलीच नाही, असे म्हणावे लागेल. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने हेच दृष्टांताने सांगितले. एका चाकराचे राजाकडे दहा हजार तालान्तांचे देणे होते. एक तालान्त म्हणजे साधारण 6,000 दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी त्याला सोडून दिली गेली, आणि बाहेर पडताच त्याने शंभर दिनारांसाठी सोबतीच्या चाकराचा गळा धरला. माझे "दादाचा वाटा" शंभर दिनारांहून जास्त भरले असते, हे मान्य. सहा कोटींपुढे त्याने काही फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट शरणपूरशी जोडलेली आहे, म्हणून सांगते. ही वस्ती 1854 मध्ये ख्रिस्ती मिशनने वसवली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलेही पुढे इथे आणली गेली आणि इथे शिकली, कामधंदा शिकली. त्यांच्या बाबतीत सुटका आधी झाली, शाळा आणि शिस्त नंतर आली. दहा आज्ञांचेही तसेच आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात पहिल्या आज्ञेच्या आधी देव इस्राएल लोकांना सांगतो की मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले. चांगले वागलात तर सोडवीन, असे तो म्हणत नाही. सोडवलेल्या माणसाने पुन्हा बेडी घालून घेऊ नये, यासाठी त्या आज्ञा आहेत. त्यामुळे "मग भीती कशाची?" असे कोणी विचारले, तर शिक्षेची भीती उरली नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करते. माझ्या सगळ्या करंज्या आणि फोन भीतीपोटीच होते, देवाच्या आणि लोकांच्याही. हाताने आज्ञा पाळायची आणि मनाने हिशेब चालू ठेवायचा, हे भीतीला छान जमते.

शरण या शब्दात आसराही आहे आणि हार मानणेही आहे. आसऱ्याला मी लहानपणीच गेले होते. हार मानायला मात्र साठी ओलांडावी लागली.

त्या रविवारी घरी येऊन मी वही काढली. एकदा शेवटपर्यंत वाचली, कारण आईचे ते चौदा महिने तिच्यातही होते: कोणत्या रात्री ऑक्सिजन लागला, कोणत्या दिवशी तिने मोसंबी मागितली. मग पाने फाडून बंबात घातली. मला वाटले होते की हलके वाटेल. तसे झाले नाही, कारण शेवटच्या पानावरचा आकडा मला पाठ होता आणि अजूनही आहे. दादाचा आवाज ऐकला की तो आपोआप वर येतो. तेव्हा मी मनातल्या मनात, "प्रभू, हे मी मांडत नाही," एवढेच म्हणते. काही दिवस दहा वेळा म्हणावे लागते. माझ्या आयुष्यात आज्ञापालन नावाची जी गोष्ट आहे, ती सध्या बहुतांशी एवढीच आहे.

परवा त्याचा फोन आला. माझ्या गुडघ्याची चौकशी केली, वहिनीच्या तब्येतीचे सांगितले, आणि मध्येच आकडा वर आला, तसा मी तो खाली ठेवला. बोलणे संपताना मी नेहमीसारखे म्हटले, "दादा, या नाताळला इकडेच ये." "बघतो," म्हणाला. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की या खेपेला तो यावा असे मला खरोखर वाटत होते.