ठाण्यातल्या दिवंगत जवानाची फाइल: पदकांच्या कडा वाचून झाल्या

वागळे इस्टेटजवळच्या घरातली ही फाइल. पाच पदकं, पाणी लागलेलं डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. कुटुंबाच्या इच्छेनुसार नाव दिलेलं नाही.

गोल पदकाच्या कडेवर सेवा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं पदक असेल तर मागच्या बाजूला. टॉर्च कडेला जवळपास समांतर धरला की झिजलेली अक्षरंही सावलीमुळे उठून दिसतात. ब्रासो लावू नका. घासलं की आधी अक्षरंच जातात.

क्रमांक २७ ने सुरू होतो, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. १९६५ च्या रक्षा मेडलवर शिपाई, १९७१ च्या संग्राम मेडलवर नाईक. पदकं बरेचदा उशिरा ठोकली जातात, म्हणून बढतीची तारीख कडेवरून काढायची नाही, डिस्चार्ज बुकातूनच घ्यायची. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आहे, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ ला ते वर्दीत होते. नऊ वर्षांचं दीर्घ सेवा मेडल आहे, वीस वर्षांचं नाही.

खरा पेच पाचव्या पदकाचा आहे. घरात सगळे सांगतात, “आजोबा ढाक्याच्या बाजूला लढले.” पण पदक पूर्व आघाडीचं ‘पूर्वी स्टार’ नसून पश्चिम आघाडीचं ‘पश्चिमी स्टार’ निघालं. दुकानातून आणलेला बदली स्टार बहुधा कोरा असतो. याच्या मागे त्यांचाच क्रमांक आहे. म्हणजे ते पश्चिम आघाडीवर होते. ढाका कुठून आलं, याचा अंदाज बांधता येतो. आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला पहिली मराठा, अर्थात जंगी पलटण होती; तिथल्याच टांगाईलला उतरलेली २ पॅरा ही छत्रीधारी पलटण मूळची ३ मराठाच. मराठ्यांच्या घरांत एकाहत्तरची लढाई म्हणजे हीच दोन नावं, आणि पलटणीचा अभिमान हळूहळू आजोबांच्या खात्यावर जमा होतो. घरची आठवण खोडू नका, वेगळ्या रकान्यात लिहा.

डिस्चार्ज बुकाच्या गंजलेल्या पिना काढल्या. पानांत टीपकागद घालून ते पंख्याखाली ठेवलंय. इस्त्री आणि लॅमिनेशन दोन्ही टाळा. चिकटलेली दोन पानं तूर्त तशीच. पत्त्यात तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी आहे. १ मे १९८१ पासून मालवण सिंधुदुर्गात, त्यामुळे गावच्या नोंदी आता तिथे शोधायच्या. फौजेनंतरची नोकरी एका कारखान्यात रखवालदाराची. त्याची फक्त पीएफची पावती सापडली.

पदकं पीव्हीसीच्या पाकिटातून काढली. आपल्या पावसाळी हवेत त्यात हिरवा चिकट थर येतो. आता पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं आणि सिलिका जेल.

पुढचं काम बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. तो आजींच्याच सहीने जाईल, सोबत मृत्यू दाखला आणि पीपीओची प्रत. नावाचं स्पेलिंग आधारवरचं नको, डिस्चार्ज बुकातलं हवं. नाहीतर नोंद जुळत नाही. सेवा क्रमांक सगळ्यात वर, पूर्ण.